दोन तमिळ थ्रिलर: 'रात्सासन' की 'ध्रुवंगल पदिनारु'?

२०१८चा 'रात्सासन' सरळ घाबरवतो. शाळकरी मुली गायब होतात, मागे विद्रूप बाहुलीचं डोकं सापडतं, आणि जिब्रानचं पार्श्वसंगीत इंटरव्हलमध्येही पाठ सोडत नाही. पण खुन्याचा भूतकाळ सुरू झाला की पकड सुटते. त्याच्या आजारालाच राक्षसीपणाचं कारण करणं मला खटकलं. त्यात लांबी जवळपास तीन तास!

दिग्दर्शक कार्तिक नरेनचा 'ध्रुवंगल पदिनारु' (२०१६) पावणेदोन तासांत आटोपतो. निवृत्त पोलिस अधिकाऱ्याच्या भूमिकेतला रहमान जुनी केस सांगतो आणि त्या पावसाळी रात्रीचे तेच धागे दर वेळी वेगळे दिसतात. काही पोरांचा अभिनय कच्चा, शेवटचे उलगडेही घाईने ओतलेले. तरी दुसऱ्यांदा बघायला मी हाच लावेन. 'रात्सासन' एकदाच, तोही दिवे लावून.