झाकली मूठ बासष्ट हजारांची

मी लेगोचे, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे जोडून इमारती-गाड्या बनवायच्या खेळण्याचे, बंद खोके घेऊन ठेवायचो. खेळायला नाही, विकायला. कंपनी एखादा सेट बनवणं थांबवते आणि न उघडलेल्या खोक्याचा भाव चढत जातो, एवढंच या धंद्याचं गणित. रशियातल्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी जुन्या सेटवर वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा काढला होता. ते वाचलं आणि माझं एफडीवरून मन उडालं.

२०२१ च्या अखेरीस एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर लेगोचा ताजमहाल विकायला दिसला. क्रमांक १०१८९, २००८ चा, ५,९२२ तुकडे. कंपनीने २०१७ मध्ये तोच ताजमहाल १०२५६ या क्रमांकाने पुन्हा काढला, एक तुकडा जास्त घालून, तेव्हा पहिल्याचा भाव आपटला होता. (हा रीतसर फटका, त्यात कोणी फसवत नाही.) विकणारा म्हणाला, "साहेब, म्हणून तर स्वस्तात सोडतोय. पहिला तो पहिलाच." दुबईहून परत आलोय, घर आवरतोय म्हणे. व्हिडिओ कॉलवर खोका चहूबाजूंनी फिरवून दाखवला, सील दाखवलं, काट्यावर ठेवून वजनसुद्धा दाखवलं. मी बासष्ट हजार यूपीआयने पाठवून मोकळा झालो.

खोका आला. बायको म्हणाली, "उघडायचा नाही, खेळायचं नाही, मग देव्हाऱ्यात ठेवा की!" मी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तीन पावसाळे तिथेच.

मग गिऱ्हाईक मिळालं, बंगळुरूचा एक तरुण. पुण्यात कामाला आला होता, तसा घरी आला. चहा पिता पिता त्याने खिशातून बारका टॉर्च काढून सीलवर तिरपा धरला. सीलखाली पुठ्ठ्याचा रंग सोलवटला होता, आणि वरचं सील त्या जागेपासून केसभर सरकून बसलेलं. "काका, हा आधी उघडलाय."

फोडलं तर खोका गेला, न फोडलं तर सौदा गेला. शेवटी मीच ब्लेड आणलं. आत पिशव्या, पिशव्यांत पांढरे तुकडे. अस्सल लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचं नाव बारीक उठवलेलं असतं, नखाला लागतं. इथे नख गुळगुळीत सरकलं. दुसरा तुकडा, तिसरा, सगळे तसेच. खोका आणि आतली पुस्तिका मात्र अस्सल.

मी खोका उघडणार नाही, हे त्या विकणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. त्याची सगळी भिस्त त्यावरच. घ्यायचाच असेल तर समोर बसून उघडून घ्या, भाव पडला तर पडू दे. निदान सीलवर तिरपा उजेड तरी टाका. काट्यावर विसंबू नका, नकली प्लास्टिकही भरतंच.

त्याचा नंबर केव्हाच बंद झालेला. सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी पैसे कधी पाठवले विचारलं, मी सांगितलं, आणि त्या क्षणभर गप्पच झाल्या. तिथे तासांचा हिशेब चालतो, माझी तर वर्षं उलटली होती.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी एकाचा मेसेज: "रिकामा खोका देता का? पाच हजार. कोपरे शाबूत असतील तर सहा."

मुलीची कात्री घेतली, खोक्याचे आठ तुकडे केले आणि रद्दीत घातले.