'रन' नीट शिकवणारा नागपूरच्या महाल भागातला इंग्रजीचा वर्ग

इतवारीत साड्यांच्या दुकानात काम करते, म्हणून हा संध्याकाळचा वर्ग लावला. मॅडम घोकंपट्टी करून घेत नाहीत, हे फार आवडलं. 'रन' हा एकच शब्द आठवडाभर चालला. नळ वाहतो, नाक गळतं, दुकान चालवतो, साखर संपते, सगळीकडे 'रन'च! ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशकारांनी या क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत. धुतल्यावर साडीचा रंग जाण्यालाही 'रन'च म्हणतात, अन् माझ्या कामाचं नेमकं हेच. आता बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला "कलर वोन्ट रन" बेधडक सांगते. माल संपला तर "वी हॅव रन आउट". खोली लहान आहे, उन्हाळ्यात एक कूलर पुरत नाही. फी महिन्याच्या महिन्याला घेतात, एकरकमी मागत नाहीत.