१००-४०० वर १.४ एक्स एक्स्टेंडर : आठ महिने वापरून, आणि अधिक ९ या आकड्याबद्दल

ऑक्टोबरात सेकंडहँड घेतलेला कॅननचा १.४ एक्स थ्री एक्स्टेंडर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ १.४ पट करणारा तुकडा) मी फेब्रुवारीत विकायला काढला होता. बावीस हजार गेले ते गेले, निदान पंधरा तरी येतील असा हिशेब होता. आता विकणार नाही. ज्या त्रासापायी मी तो विकत होतो, त्याच त्रासाने बरेच जण हा तुकडा कपाटात टाकून देतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॅमेऱ्याची बॉडी कॅननची सेव्हन डी मार्क टू, लेन्स १००-४०० मिमीची झूम, मार्क टू. नुसती लेन्स ४०० ला लखलखीत. एक्स्टेंडर लावून ५६० झाले की सगळं दुधाळ. पुण्याजवळच्या कवडीपाटला बाभळीवर वेडा राघू बसला होता, आठ मीटरवर. त्याच्या पुढच्या फांदीचा एकेक काटा मोजता येत होता आणि डोळा मात्र मऊ. वीसपैकी सतरा फोटो असेच. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की काच खराब असती तर काटेही मऊ आले असते. फोकस पुढे पडत होता, एवढंच. त्या अंतरावर ५६० आणि एफ/८ या अॅपर्चरला धारदार येणारी खोली मिळते जेमतेम सहा सेंटीमीटर, म्हणजे जरा चुकलं की डोळा गेलाच.

मी एका दुरुस्तीवाल्याकडे सगळा संच दिला. पावतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘एक्स्टेंडरसह फोकस चुकतो’. तीन आठवडे ठेवून घेतला, साडेतीन हजार घेतले, आणि ‘लेन्स ओके’ म्हणून परत दिला. तपासली होती ती नुसती लेन्स! एक्स्टेंडर पिशवीत होता तसाच, मी मारलेली गाठसुद्धा सुटली नव्हती. पैसे परत मागितले तर म्हणाले, ते तपासणीचे आहेत. जे तपासायला दिलं तेच तपासलं नाही, मग पैसे कसले? याचा राग अजून आहे.

शेवटी घरीच बसलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला कॅलेंडरचं पान चिकटवलं आणि गवंड्याकडची टेप आणून २८ मीटर मोजले. फोकल लेंग्थच्या साधारण ५० पट अंतर ठेवायचं असतं. ट्रायपॉड, केबल, स्टॅबिलायझर बंद. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट मोठं करून हाताने फोकस केला. तारखांच्या खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली! म्हणजे काच निर्दोष. मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने, दर वेळी फोकस आधी पूर्ण बिघडवून, पाच-पाच फोटो घेतले. एकातही ती अक्षरं लागेनात.

यापुढचं काम मेनूतल्या एएफ मायक्रोअॅडजस्टमेंटचं, म्हणजे ऑटोफोकस आकडा देऊन किंचित मागे (अधिक) किंवा पुढे (उणे) सरकवायच्या सोयीचं. हा कॅमेरा नुसत्या लेन्सचा आकडा वेगळा ठेवतो आणि लेन्स अधिक एक्स्टेंडर या जोडीचा वेगळा. शिवाय झूमच्या दोन टोकांना दोन आकडे देता येतात. माझ्या नुसत्या लेन्सला शून्य बरोबर होतं. जोडीला रुंद टोकाला अधिक २ आणि ५६० ला अधिक ९ लागले. हेच तीन आठवड्यांत त्या दुकानात कुणी केलं नाही, आणि मला लागले दोन तास. यात कुणाची काच वाईट नसते. बॉडी, एक्स्टेंडर आणि लेन्स तिघांचा बारीक बारीक फरक साठत जातो. मित्राच्या कॅनन एटी डी बॉडीवर माझीच लेन्स आणि एक्स्टेंडर लावला तर उणे ३ आला. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

इथवर मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं, पण मग भिगवणला गेलो आणि फोटो पुन्हा मऊ. कुंभारगावच्या होडीतून दहाच्या सुमाराला, दीडशे मीटरवरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मी पुन्हा अधिक ९ वर संशय घेऊ लागलो. नावाडीदादा म्हणाले, “साहेब, नऊनंतर पाणी नाचतं. कुणाचेच फोटो येत नाहीत.” एक्स्टेंडर काढून पाहिला, तरी तसेच. तापलेल्या हवेची लहर होती ती, आणि तिला कुठलाच आकडा लागू पडत नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता, चाळीस मीटरवर, त्याच संचाने रोहिताच्या चोचीवरून निथळणारा थेंब टिपला.

बाकीचं थोडक्यात. एफ/८ ला माझ्या बॉडीचा ६५ पैकी फक्त मधला एकच ऑटोफोकस पॉइंट चालतो. एक्स्टेंडर लावला की फोकसचा वेग निम्म्यावर येतो, ते कॅननने अचूकपणासाठी मुद्दामच केलं आहे. त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या कवड्या खंड्यावर मी आता तो लावतच नाही, ४०० ला फोटो काढून क्रॉप करतो. बसलेल्या पक्ष्याला मात्र हमखास लावतो, फोकस लिमिटर ३ मीटरच्या पुढे ठेवून, म्हणजे चुकला तरी जवळपर्यंत धावत बसत नाही. स्वस्तातला ७७ मिमीचा यूव्ही फिल्टरही काढून टाकला आहे. त्यानेही धार जात होती, थोडी का होईना.

विकायची जाहिरात काढून टाकली. एक्स्टेंडरच्या मागच्या झाकणात कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : रुंद २, लांब ९, बॉडी बदलली की पुन्हा मोजणे.