जिरो, टूर की वुएल्टा: कोकणात बसून कुठली शर्यत धरावी?

२६ जुलै २०१९. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा एकोणिसावा टप्पा, आल्प्समधला इझेराँचा घाट. इकडे देवगडला दुपारपासून वीज नव्हती, पडवीत इन्व्हर्टरवर एक बल्ब तेवढा तग धरून होता. एगान बर्नाल सगळ्यांना मागे टाकून चढत होता आणि ऐन तेव्हाच फोनवरचं चित्र अडकलं. ज्या ॲपचे वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते, त्याचं चक्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा चित्र आलं तेव्हा खेळाडू सायकली सोडून गाड्यांमध्ये बसत होते. मला वाटलं, टप्पा संपला, सगळंच हुकलं. मग पडद्यावर गारांनी पांढरा झालेला रस्ता आणि त्यावर आलेली दरड दिसली. टप्पा तिथेच थांबवून घाटमाथ्यावरच्या वेळा धरल्या होत्या. एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी बर्नालकडे गेली आणि दोन दिवसांनी टूर जिंकणारा तो पहिला कोलंबियन ठरला. ज्या चढावर हे सगळं घडलं, तो मी पाहिलाच नाही. अजून सलतं.

म्हणून कुणी नवीन माणूस विचारतो, की तीन मोठ्या शर्यतींपैकी एकच बघायची तर कुठली, तेव्हा मी आधी त्याला विचारतो: त्या महिन्यात तुमच्या घरी काय चालू असतं? मे महिन्यात इटलीची जिरो, जुलैत फ्रान्सची टूर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनची वुएल्टा. प्रत्येकीचे २१ टप्पे, मधल्या विश्रांतीसकट तीन आठवड्यांवर. युरोप तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे बहुतेक टप्पे आपल्याकडे रात्री साडेआठ ते नऊच्या सुमारास संपतात. म्हणजे रोजची तीच वेळ मोकळी हवी, वीज हवी आणि रेंज हवी.

टूर सगळ्यात जुनी, १९०३ पासूनची, आणि सगळ्यात मानाची. जगातले बहुतेक मोठे खेळाडू तिच्यासाठीच वर्षभर तयारी करतात. सवड म्हणाल तर जुलैत कोकणात ती असते. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, भातलावणीची माणसं दिवेलागणीला घरी, बाहेर पाऊस. पण वारा सुटला की तारांवर फांदी पडते, वीज जाते आणि मागोमाग टॉवरही. सड्यावर रेंज मिळते हे खरं, पण जुलैच्या पावसात रात्री नऊ वाजता सड्यावर कोण उभं राहणार?

शिवाय अलीकडे टूरमध्ये धाकधूकच उरलेली नाही. २०२४ साली तादेय पोगाचारने दुसऱ्या क्रमांकावरच्या योनास विंगेगार्डला ६ मिनिटं १७ सेकंदांनी मागे टाकलं, २०२५ मध्ये ४ मिनिटं २४ सेकंदांनी. त्याची ताकद मला मान्य आहे, त्याच्यासारखा चढणारा मी पाहिलेला नाही. पण शेवटचा आठवडा बघताना छातीत धडधड व्हावी, ती होत नाही. मी पाहिलेली सगळ्यात थरारक टूर २०२० ची. एकवीस टप्प्यांपैकी शेवटून दुसऱ्या दिवशी प्रिमोझ रॉग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता आणि घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत पोगाचारने ती आघाडी पुसून टाकली. कोविडमुळे ती टूर सप्टेंबरपर्यंत चालली होती, म्हणून तर मला ती धडपणे बघता आली.

जिरोचं गणित वेगळं. मे म्हणजे आंबा, त्यामुळे बागवाल्याला वेळ कुठला, असं वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडे पेट्या भरून गाडी संध्याकाळी निघून जाते, आणि जिरोचा निर्णायक शेवटचा आठवडा येईपर्यंत हापूस संपत आलेला असतो, उरलेला कॅनिंगला जातो. पडवीत चाकरमानी, पोरं, पाहुणे असतात. त्यांना गुलाबी जर्सी म्हणजे काय (टूरची पिवळी, तशी जिरोत आघाडीवर असणाऱ्याची ही) ते सांगताना आपलंही बघणं रंगतं.

धोका एकच, लवकर येणाऱ्या पावसाचा. २०२५ मध्ये तो २५ मेलाच येऊन थडकला. ३१ मेला विसावा टप्पा होता, फिनेस्त्रेचा घाट, ज्याचे वरचे आठेक किलोमीटर खडी-मातीचे आहेत. आमच्याकडे वीज नव्हती, फोनला रेंज तेवढी टिकली. एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत होता. सायमन येट्स त्याच्यापेक्षा १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्स सुटला तेव्हा देल तोरो आणि दुसऱ्या क्रमांकावरचा रिचर्ड कारापाझ एकमेकांकडे बघत बसले. मी फोन हातात घेऊन उभाच राहिलो. याच घाटावर २०१८ मध्ये येट्सची गुलाबी जर्सी गेली होती, आणि सात वर्षांनी त्याच मातीत त्याने ती मिळवली. शेजारचा मुलगा सायकलिंगमधलं काही कळत नसताना "अरे, त्याच्या मागे जा ना!" म्हणून ओरडत होता. सगळेच जिरो असे होत नाहीत. २०२४ ची पोगाचारने जवळजवळ दहा मिनिटांनी मारली.

वुएल्टा मला मनापासून आवडते. चढावर संपणारे टप्पे भरपूर आणि आंग्लिरूसारखा घाट, जिथे सगळ्यात खड्या जागी चढ २३ टक्क्यांच्याही वर जातो. अडचण गणपतीची. रात्री आठची आरती आणि टप्प्याचे शेवटचे वीस किलोमीटर एकाच वेळी येतात, आणि आरती सोडून फोन बघणं मला जमणार नाही. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, वुएल्टा १४ सप्टेंबरपर्यंत. पहिला आठवडा गेला, पुढचं तुकड्यातुकड्यात पाहिलं.

पण पंचांग बघा. गणपतीच्या आधी अधिक महिना येतो त्या वर्षी गणपती उशिरा येतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, वुएल्टा दोन दिवस आधी संपली. मला एकही टप्पा चुकवावा लागला नाही. सेप कुस त्याच वर्षी जिरोत आपल्याच संघातल्या रॉग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगार्डसाठी राबला होता. आंग्लिरूवर त्याच दोघांनी त्याला मागे टाकलं, आघाडीची लाल जर्सी जेमतेम ८ सेकंदांनी त्याच्याकडे राहिली, आणि शेवटी तोच जिंकला. वर्षभर दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेणाऱ्या माणसाला जिंकताना बघायचं भाग्य अधिक महिन्यामुळे मिळालं. २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ आहे. चतुर्थी १४ सप्टेंबरला, वुएल्टा १३ सप्टेंबरपर्यंत.

तेव्हा बाग असेल तर जिरो धरा. होमस्टे चालवत असाल तर मे महिन्यात रात्री नऊला पाहुण्यांची पानं वाढायची असतात, तुम्ही अधिक महिन्याच्या वर्षी वुएल्टा धरा. आणि टूरच बघायची असेल तर थेट बघायचा हट्ट सोडा. पहाटे पाच वाजता रेंज बरी असते, तेव्हा आदल्या दिवशीचा टप्पा बघा, आणि रात्री निकाल कळवणाऱ्या पुण्याच्या भाच्याला एक जुलैच्या आधीच सांगून ठेवा, की सकाळी सातपर्यंत मेसेज करायचा नाही.