मेटफॉर्मिन: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांपासून मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची, औषध हळूहळू सोडणारी गोळी घेत आहे. सुरुवात ५०० मिलिग्रॅमने झाली आणि महिन्याभराने डॉक्टरांनी ती १००० केली. या काळात माझे एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.१ टक्क्यांवरून ६.८ वर आले.

पहिले दोन आठवडे त्रासाचे गेले. उपाशीपोटी गोळी घेतल्याने मळमळ आणि जुलाब होत. रात्रीच्या जेवणाबरोबर घेऊ लागल्यावर ते हळूहळू थांबले. पुढे शौचात जवळजवळ अख्खी गोळी दिसली, तेव्हा औषध वाया गेले असे समजून मी दुसरी घेणार होतो, पण औषध दुकानदाराने समजावले की ते रिकामे कवच असून औषध त्यातून आधीच झिरपून गेलेले असते. ही गोळी तोडू किंवा चावू नये, तेही याच रचनेमुळे.

खरी काळजी आजारपणात घ्यावी लागते, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही याचे मला वाईट वाटते. पावसाळ्यात मला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, तेव्हा मी फोन केल्यावर डॉक्टरांनी खाणे-पिणे सुरळीत होईपर्यंत गोळी बंद ठेवायला सांगितले. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी कमी होऊन मूत्रपिंड मंदावले, तर औषध साठते आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. म्हणूनच ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ३० च्या खाली गेल्यास हे औषध देत नाहीत. भरपूर मद्यपानानेही लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो, म्हणून तेही घातक ठरते.

एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. माझ्या वहिनी मात्र मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर फार खाली नेऊ शकणारे दुसरे औषध, असलेली एकत्रित गोळी घेतात. एका संकष्टीला त्यांनी सकाळी नेहमीची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपास केला, आणि दुपारी घाम, थरथर सुरू झाली. ग्लुकोमीटरवर साखर ५८ (मिग्रॅ/डेसिलिटर), म्हणजे फार कमी, आली. शुद्धीवर होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मग खायला दिले. आता उपासाच्या दिवशीची मात्रा त्यांनी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतली आहे.

मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ वापरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. माझे आहारातून येणारे बी-१२ केवळ दूध-दह्यापुरतेच असल्याने पुढच्या महिन्यात क्रिएटिनिनबरोबर (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तीही तपासणी करणार आहे.