पॉसिक्स शेल : काही महिन्यांच्या वापरानंतर

बॅकअप आणि डिप्लॉयमेंटच्या (सर्व्हरवर प्रोग्रॅम चढवण्याच्या) स्क्रिप्ट बॅश या शेलमधून, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढून पॉसिक्स या सामायिक मानकाच्या मापात बसवल्या, आणि त्याच फाइली उबुंटू, अल्पाइन व मॅकओएसवर चालवल्या. मजकूर चाळायची कामं बिनघोर झाली. तारखा आणि फाइलची माहिती काढताना मात्र डोकं उठतं.

सगळ्यात घातक चूक स्क्रिप्ट न थांबवता होते. पहिल्या ओळीत 'एसएच' लिहायचं आणि खाली बॅशच्या सवयी वापरायच्या, हे मॅकवर खपून जातं, कारण तिथे त्या नावामागे बॅशच असतो. उबुंटूत ६.१० पासून, म्हणजे २००६ पासून, डॅश हा छोटा शेल आहे. त्याला दुहेरी चौकटी कंस ही एखादी कमांड वाटते. ती सापडत नाही, १२७ (कमांड न सापडल्याचा निकाल) परत येतो आणि 'इफ' सरळ 'एल्स'मध्ये शिरतो. चूक होताच थांबवणारं 'सेट ई' लावलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही, कारण अटीतलं अपयश त्यातून वगळलेलं आहे. डॅशच्या 'एन' पर्यायाने वाक्यरचना तपासली तरी हे निसटतं. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या शेलचेकला बोली 'एसएच' आहे असं सांगून चालवा, तिथे पकडलं जातं.

मजकूर बदलणाऱ्या 'सेड'चा 'आय' पर्याय, म्हणजे फाइल जागच्या जागी बदलणं, पॉसिक्समध्ये नाहीच. मॅकवर तो पुढचा शब्द बॅकअपचं एक्स्टेंशन म्हणून गिळतो. तात्पुरत्या फाइलीत लिहून ती 'एमव्ही'ने मूळ फाइलीच्या जागी हलवली तर मूळ परवानग्या जातात. त्या हव्या असतील तर 'कॅट'ने मूळ फाइलीत ओता, पण मध्येच वीज गेली तर फाइल अर्धवट राहील.

'कालची तारीख' प्रत्येकाकडे वेगळ्या पर्यायाने मिळते, त्यामुळे जुने बॅकअप पुसायला तारीख काढूच नका. फाइली शोधणाऱ्या 'फाइंड'ला 'एमटाइम +६' (शेवटच्या बदलाचं वय) द्या. दिवसाचा अपूर्णांक सोडला जातो, म्हणून सात दिवस पूर्ण झालेल्या फाइली मिळतात. आकारासाठी फाइलची माहिती देणाऱ्या 'स्टॅट'ऐवजी बाइट मोजणारं 'डब्ल्यूसी सी' वापरा. मॅकवर आकड्याआधी मोकळ्या जागा येतात, तेव्हा तुलना अक्षरांची नको, संख्यांची करा.

पॉसिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीत 'पाइपफेल' (पाइपने जोडलेल्या कमांडपैकी कोणतीही फसली तरी अपयश कळवणारा पर्याय) आलं, पण उबुंटू २४.०४ च्या डॅशमध्ये ते नाही. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) थेट जीझिप या फाइल दाबणाऱ्या कमांडला पाइप केला आणि डंप फसला, तरी निकाल शून्यच येतो. डंप आधी फाइलीत घ्या, निकाल तपासा, मग दाबा. जागा जास्त लागते, पण रिकामा बॅकअप परवडत नाही.

अ‍ॅरेची, म्हणजे एकाच नावात अनेक मूल्यं ठेवायची, खरी गरज असेल, तर हट्ट सोडून पायथन घ्यावं.