कोर्स, कंपनीतलं मंडळ की बाहेरचा गट? अ‍ॅजाइल शिकायला कुठे जावं

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, सतत सुधारत घडवण्याची रीत. स्क्रम ही त्यातली सगळ्यात ओळखीची पद्धत, आणि स्क्रम गाइड ही तिची नियमपुस्तिका. तिची 2020 सालची आवृत्ती 13 पानांची आहे. एका बैठकीत वाचून होते. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरावीक टप्पा, जास्तीत जास्त एका महिन्याचा, डेली स्क्रम ही रोजची बैठक 15 मिनिटांची, टीम शक्यतो 10 जणांची किंवा त्याहून लहान. नियम इतके सुटसुटीत, की त्यासाठी कोर्स कशाला आणि अनोळखी लोकांच्या गटात जाऊन बसायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. मग स्प्रिंटच्या चौथ्या दिवशी वरून 'फक्त एवढं' एक काम येतं. टेस्टर म्हणतो, माझ्याकडे सगळं शेवटच्या दिवशीच येऊन पडतं. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपताना काय जमलं आणि काय नाही हे बोलायच्या बैठकीत, सगळे खाली मान घालून बसतात. गाइड पुन्हा उघडलं की नियम सापडतो, पण आता करायचं काय ते सापडत नाही.

अशा वेळी समोर साधारण तीन वाटा असतात. एक, सर्टिफिकेट देणारा कोर्स. दोन, कंपनीतल्या कंपनीत काढलेलं अभ्यास मंडळ. आणि तीन, शहरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांतली माणसं महिन्यातून एकदा जमतात तो स्वयंसेवी गट. मी तिन्ही वाटा चाललो आहे, आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न खिशात घेऊन गेलो होतो: आमच्या रेट्रोत कुणी बोलत का नाही? तुलना त्या प्रश्नाच्या आधारानेच करतो, कारण नुसते फायदे-तोटे लिहिले की तिन्ही वाटा सारख्याच चांगल्या दिसू लागतात.

कोर्स

सर्टिफिकेटांमध्ये दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. स्क्रम अलायन्स या संस्थेचं सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) घ्यायचं तर आधी त्यांच्या मान्यताप्राप्त ट्रेनरचा वर्ग करावाच लागतो, तो बहुधा दोन दिवसांचा असतो. परीक्षेत 50 प्रश्न, त्यातले 37 बरोबर हवेत. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, फी वेगळी. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम-1 (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) ला वर्गाची सक्ती नाही. 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि पास व्हायला 85 टक्के, म्हणजे 68 बरोबर. एका प्रश्नाला पाऊण मिनिट मिळतं, त्यामुळे नुसत्या अनुभवावर विसंबून गेलेले बरेच जण आपटतात. हे सर्टिफिकेट मात्र एकदा मिळालं की संपत नाही.

कोर्सचा खरा फायदा माझ्या मते सर्टिफिकेटपेक्षा वेगळाच आहे. ऐकीव गोष्टी आणि मूळ पद्धत यांतला फरक तिथे कुणीतरी स्पष्ट सांगतं. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न जगभरच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे त्याच रोजच्या बैठकीत, आजही आरतीसारखे म्हटले जातात, पण 2020 च्या गाइडमध्ये ते नाहीतच. काम किती मोठं याचा अंदाज सांगणारे स्टोरी पॉइंटही त्यात नाहीत. वापरणाऱ्याच्या नजरेतून काम मांडणारी यूजर स्टोरीसुद्धा नाही, ती एक्सपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अ‍ॅजाइल पद्धतीकडून आली. पत्ते दाखवून कामाचा अंदाज बांधायचा प्लॅनिंग पोकर जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये सुचवला, तोही स्क्रमचा भाग नव्हे. काय सक्तीचं आहे आणि काय आपण हौसेने गळ्यात बांधून घेतलंय, हे एकदा कळलं की निम्मी कुरकुर कमी होते.

माझ्या प्रश्नाला ट्रेनरनी उत्तर दिलं: लोकांना सुरक्षित वाटलं पाहिजे. शिवाय रेट्रो घेण्याचे तीन नवे प्रकार शिकवले. उत्तर चुकीचं नव्हतं. पण आमच्या खोलीत कोण बसतं हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, आणि भरलेल्या वर्गात एकाच टीमची कहाणी उकलत बसायला वेळही नव्हता. परत आल्यावर आम्ही तिन्ही प्रकार करून बघितले. लोक आता रंगीत चिठ्ठ्या हातात धरून गप्प बसू लागले.

कंपनीतलं मंडळ

इथे मोठी सोय अशी, की काही लपवावं लागत नाही. खरा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, पडद्यावर लावता येतो, दुसऱ्या टीमचा कामांचा बोर्ड त्यांच्याच जागेवर जाऊन बघता येतो, आणि पटलेली गोष्ट सोमवारपासून लागू करायला परवानगीही लवकर मिळते. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांत वावरत शिकतात, ही कल्पना जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये मांडली, आणि तिला कंपन्यांमध्ये चांगलीच जागा मिळाली. मोठ्या कंपनीत, जिथे रिलीजचे नियम, ऑडिट, सुरक्षा तपासणी असं सगळं आपलं आपलं वेगळं असतं, तिथे बाहेरच्या माणसाच्या सल्ल्यापेक्षा शेजारच्या टीमचा अनुभव जास्त उपयोगी पडतो.

माझा प्रश्न मात्र मी तिथे विचारलाच नाही. माझे मॅनेजर समोरच बसले होते.

मंडळाबद्दल आणखी फार सांगण्यासारखं नाही. वरून कुणीतरी वेळ राखून दिला तर ते चालतं. मोठा रिलीज जवळ आला की आधी 'या आठवड्यात नको' होतं आणि मग कॅलेंडरमधूनच नाहीसं होतं. आणि सगळे एकाच छपराखाली काम करत असल्याने सगळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही त्याच असतात.

बाहेरचा गट

2001 च्या फेब्रुवारीत, 11 ते 13 तारखेला, अमेरिकेतल्या युटामधल्या स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि अ‍ॅजाइलचा जाहीरनामा निघाला. त्यातली चार मूल्यं सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या वरच्या वाक्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही: स्वतः सॉफ्टवेअर घडवता घडवता, आणि इतरांना घडवायला मदत करता करता, आम्हाला चांगल्या रीती सापडताहेत, असा त्याचा आशय. बाहेरचे गट या 'इतरांना मदत' भागावर उभे आहेत. तिथे शिकवणारा आणि शिकणारा असे दोन पक्ष ठरलेले नसतात. आज भाषण देणारी व्यक्ती पुढच्या महिन्यात स्वतःची फजिती घेऊन येते.

अशा गटात नेमकं काय चालतं, हे न गेलेल्यांना अनेकदा ठाऊक नसतं. भाषण आणि शेवटी प्रश्नोत्तरं हा सगळ्यात ओळखीचा आणि माझ्या मते सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार. लीन कॉफी त्याहून कितीतरी बरी. जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी 2009 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये ती सुरू केली. आधीपासून विषय ठरलेला नसतो. आलेला प्रत्येक जण आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहितो, मग प्रत्येकाला दोन-तीन मतं. ज्या चिठ्ठीला मतं जास्त तिच्यावर आधी बोलायचं. पाचेक मिनिटांचं घड्याळ लावायचं, वाजलं की अंगठे वर की खाली ते बघायचं, आणि त्यावरून विषय पुढे चालवायचा किंवा सोडायचा. वक्ता लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही.

हातांनी कोड लिहिणाऱ्यांसाठी कोड रिट्रीट असतो, तोही 2009 पासूनचा. 45 मिनिटं दोघांनी मिळून कोड लिहायचा, वेळ संपली की सगळा पुसून टाकायचा आणि नवा जोडीदार घेऊन तोच प्रश्न पुन्हा. दिवसभर हेच. प्रश्न बहुधा कॉनवेचा 'गेम ऑफ लाइफ', म्हणजे चौकटींच्या जाळीवर मोजक्या नियमांनी चालणारा खेळ. लिहिलेला कोड पुसताना पहिल्यांदा पोटात गोळा येतो. तिसऱ्या फेरीनंतर आपण कोडपेक्षा टेस्टकडे जास्त बघायला लागलोय हे लक्षात येतं. जोडीने काम करणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही कोर्सपेक्षा त्या एका दिवसात जास्त कळलं.

तर माझा प्रश्न. लीन कॉफीत माझ्या चिठ्ठीला चार मतं पडली. वैद्यकीय उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममधल्या एक बाई समोर होत्या. त्यांनी सल्ला दिलाच नाही, उलट विचारलं, "तुमच्या रेट्रोला कोण कोण असतं?"

मी नावं घेत गेलो. मॅनेजरचं नाव आल्यावर त्यांनी थांबवलं.

"अप्रेझल हेच लिहितात का?"

"हो."

"मग तुम्ही तरी बोलाल का हो?"

त्यांच्याकडेही हेच झालं होतं. त्यांनी मॅनेजरशी आधी मोकळेपणाने बोलून दोन रेट्रो त्यांच्याशिवाय घेतल्या. पहिली तरीही शांतच गेली, हे त्यांनी आवर्जून सांगितलं, आणि ते सांगितलं म्हणूनच आमची पहिली शांत गेल्यावर आम्ही सोडून दिलं नाही. इतका साधा प्रश्न आमच्या कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, कारण मॅनेजर तिथे असणं आम्हाला खुर्च्या-टेबलांइतकं सवयीचं झालं होतं. आणि माझा प्रश्न मला तिथे विचारता आला, कारण त्या खोलीत माझं अप्रेझल कुणाच्याच हातात नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण गटाची तरफदारी करणारे ती सहसा सांगत नाहीत. त्याच गटात पुढे एकदा आम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, हातातली कामं निम्मी करा, सगळं वेगात होईल. यामागचं गणित खरं आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की हातातली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. हातात 12 कामं आणि आठवड्याला 3 संपत असतील तर सरासरी 4 आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली 6 केली, तर 2 आठवडे. पण आमची निम्मी टीम सपोर्टची होती, काम आपण होऊन दाराशी येत होतं. मर्यादा घातल्यावर कामं बोर्डाबाहेर एका वहीत साठू लागली. बोर्ड वेगवान दिसत होता, ग्राहक मात्र तितकेच थांबत होते. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याची टीम वेगळी होती एवढंच. कोर्समध्ये चूक झाली तर ट्रेनरला जाब विचारता येतो. गटातल्या सल्ल्याला वाली नसतो.

शिवाय गट आजारीही पडतात. दर महिन्याला नवे लोक येतात म्हणून दर महिन्याला 'स्क्रम म्हणजे काय' हेच भाषण होतं आणि जुने लोक हळूहळू येईनासे होतात. कधी गट म्हणजे एखाद्या ट्रेनरच्या कोर्सची जाहिरात होऊन बसतो. काही जण निव्वळ सर्टिफिकेट नव्याने करून घ्यायला येतात. सीएसएमच्या नूतनीकरणाला दोन वर्षांत 20 एसईयू, म्हणजे शिकण्याचे गुण, लागतात, आणि गटात घालवलेले तास त्यात धरता येतात. त्यात गैर काही नाही, पण अशी माणसं कोपऱ्यात फोन बघत बसलेली लगेच ओळखू येतात.

गुपितांचं काय, हा प्रश्न कंपन्या हमखास विचारतात, आणि रास्त विचारतात. ज्या गटात चॅटम हाउस नियम पाळतात तिथे निर्धास्त जावं. ऐकलेलं वापरायला मोकळीक, पण कोण बोललं आणि ते कुठल्या कंपनीचं हे बाहेर सांगायचं नाही, असा तो 1927 पासून चालत आलेला नियम. तरीही ग्राहकाचं नाव, आकडे, अजून जाहीर न झालेलं प्रॉडक्ट यांतलं काही तोंडातून काढू नये. त्याशिवाय रेट्रोचा प्रश्न मजेत सांगता येतो.

मग कुणी कुठे जावं

नोकरी बदलायची आहे आणि जाहिरातींत सर्टिफिकेट मागताहेत, तर आधी कोर्स किंवा परीक्षा. गटात दहा वेळा गेल्याचं बायोडेटावर लिहून पहिली चाळणी पार होत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

टीम आहे, स्प्रिंट चालू आहेत आणि काहीतरी अडलंय, तर गाइड वाचून थेट गटात जा. कोर्स नंतरही करता येईल, आणि तेव्हा प्रश्न चांगले पडतील. मी उलट केलं. कोर्स आधी केला, आणि तिथलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मात्र ज्यांच्याकडे उद्या करून बघायला टीमच नाही त्यांना गटात लोकांच्या गोष्टी ऐकण्यापलीकडे फारसं काही मिळणार नाही.

कंपनी मोठी आणि नियमांनी बांधलेली असेल तर मंडळ काढाच, पण त्यातल्या दोघांना नियमाने बाहेरच्या गटात पाठवा. दोघांना यासाठी, की एकट्याने आणलेली कल्पना मंडळात टिकत नाही. आणि मॅनेजरांनी गटात जावं का? जरूर जावं. फक्त आपल्या टीमची माणसं ज्या गटात जातात तो सोडून.

एखादा गट बरा की नाही, हे कळायला एक संध्याकाळ पुरते. लोक प्रश्न घेऊन आलेत की फक्त स्लाइड्स? 'हे आम्हाला जमलं नाही' हे वाक्य एकदा तरी ऐकू आलं का? बोलणं नुसतं बैठकांबद्दल चाललंय, की टेस्ट, इंटिग्रेशन (सगळ्यांचा कोड एकत्र जोडणं), रिलीज यांबद्दलही? स्नोबर्डला जमलेल्यांपैकी बहुतेक जण स्वतः कोड लिहिणारे होते, आणि ज्या गटात कोडचा विषयच निघत नाही तिथे मी दुसऱ्यांदा सहसा जात नाही.

आसपास असा गटच नसेल तर चार जण पुरतात. दोघांनी आयोजन अंगावर घ्यायचं, एकट्याने नको, कारण एकटा माणूस सहा महिन्यांत थकतो. महिन्यातला वार पक्का करायचा आणि सुरुवात लीन कॉफीने करायची. पहिल्या खेपेला चिठ्ठीवर 'रेट्रो चांगली कशी घ्यावी' असं लिहू नका, त्याला भाषणच मिळेल. 'आमच्या रेट्रोत गेले तीन स्प्रिंट कुणी बोललेलं नाही' असं लिहा.